ट्रस्टच्या हॉस्पिटलात मामा ॲडमिट, डिपॉझिट मागतायत. कोर्टातला फुकट वकील असल्या कामाला मिळतो का?

कृष्णाकाठचा_पम्या

नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतोय, शुद्धलेखन बघू नका. माझे सख्खे मामा, पन्नाशीचे, एमआयडीसीत ठेकेदाराकडे मशीनवर कामाला. गेल्या आठवड्यात कामावरच चक्कर येऊन पडले, स्ट्रोक निघाला. उजवी बाजू पूर्ण गेलीय, बोलणं तुटक येतंय पण समजतं सगळं, मान हलवून हो-नाही सांगतात. कऱ्हाडवरून पुण्याला आणलं, एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहेत (नाव लिहीत नाही, उपचार चालूयत). आयसीयूतून काल वॉर्डात आणलं.

आता गोची अशी आहे की काउंटरवर रोज डिपॉझिट भरा भरा चाललंय. मी चॅरिटीचं विचारलं तर तिथली मॅडम म्हणाली ते बेड फुल आहेत. मामांच्या खात्यात उसाच्या बिलाचे पैसे आहेत, पण खातं एकट्याच्या नावावर, सहीचा हात गेला, एटीएम त्यांनी कधी घेतलंच नाही. गावातल्या शाखेत मामी जाऊन आली तर साहेब म्हणे खातेदाराला घेऊन या. कसं आणायचं, स्ट्रेचरवर? आणि ठेकेदाराला फोन केला तर बरे झाले की बघू, आत्ता पगार कशाचा, असं बोलून ठेवून दिला, आता उचलत पण नाही.

लिफ्टपाशी बसलेल्या एका बाई म्हणाल्या की कोर्टात अर्ज दिला की फुकट वकील मिळतो, त्यांच्या भावाला मिळाला होता. मला तर वाटायचं ते जेलमधल्या आरोपींना देतात. तर विचारायचं असं की (१) हॉस्पिटल बँक पगार असल्या भानगडींना हा वकील चालतो का, (२) आपण वकील आणला म्हटल्यावर हॉस्पिटलवाले राग धरून उपचारात काही कमी-जास्त करतील का, मामीला ह्याचीच जास्त भीती आहे, (३) जायचं कुठे, पुण्यात का कऱ्हाडला? कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

शोभामावशी_एमएसडब्ल्यू

पम्या, वकिलाचं मागून बघू, आधी आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखं सांगते. मी बरीच वर्षं एका धर्मादाय हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, आता रिटायर आहे, त्यामुळे काउंटरच्या अलीकडची आणि पलीकडची दोन्ही बाजू माहितीये.

तू डिपॉझिटच्या काउंटरवर चॅरिटीचं विचारलंस तिथेच गाडी अडली. तिथल्या मुलीचं काम पैसे घेणं आहे. चॅरिटीचं काम समाजसेवा विभाग बघतो, प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलात तो असतो, बहुतेक ठिकाणी ओपीडीच्या मागे नाहीतर तळघरात एखाद्या कोपऱ्यात टाकलेला असतो, पाटी शोधावी लागते. तिथे जाऊन लेखी अर्ज दे. साध्या कागदावर चालतो. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर (ॲडमिट केल्याचा नंबर), कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न, आणि "निर्धन / दुर्बल घटक योजनेतून उपचार मिळावेत" एवढं एक वाक्य. दोन प्रती काढ, एकीवर शिक्का-सही-तारीख घे. ही पोच हातात असली ना की पुढच्या सगळ्यांची भाषा बदलते.

योजना काय आहे ते थोडक्यात. आपल्या सार्वजनिक न्यास कायद्यातलं ४१कक कलम आणि त्यावर २००६ साली मुंबई हायकोर्टाने घालून दिलेली स्कीम. धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के बेड निर्धन पेशंटला पूर्ण फुकट ठेवायचे आणि १० टक्के दुर्बल घटकाला निम्म्या सवलतीत. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत. ह्यासाठी हॉस्पिटल आपल्या एकूण बिलिंगचे २ टक्के वेगळ्या फंडात टाकतं, निर्धनांच्या औषधांचा आणि इम्प्लांटचा खर्च त्यातून जातो, म्हणजे कुणी खिशातून उपकार करत नाहीये. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला, रेशन कार्ड नाहीतर दारिद्र्यरेषेचं कार्ड. दाखला निघायला वेळ लागतो, तोवर रेशन कार्डावर अर्ज टाक. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटकडून ॲडमिट करताना डिपॉझिट मागायचं नाही हे त्या स्कीममध्येच लिहिलंय. अशा माणसाला आधी घ्यायचं, स्थिर करायचं, कागद नंतर.

"फुल आहेत" ह्या उत्तरावर मागे फिरू नकोस. किती बेड राखीव, आज किती भरलेले, हे लेखी द्या म्हणावं. धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर हॉस्पिटलवार बेडची माहिती असते ती पण मोबाईलवर उघडून दाखव. माझ्या वेळी असं कुणी शांतपणे, आवाज न चढवता विचारलं की संध्याकाळपर्यंत बेड "रिकामा" झालेला बघितलाय. हसू येतं पण असंच आहे.

आणि हो, महात्मा फुले योजनेत (सरकारची मोफत उपचारांची योजना) ते हॉस्पिटल आहे का हे तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या, टेबलावर विचारून घे, असेल तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

ॲड_बार्शीवाले

मावशींनी महत्त्वाचं सांगितलंच. तो फुकट वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, मी पुण्यात त्यांच्याच वकिलांच्या पॅनलवर आहे म्हणून तुमच्या तीन प्रश्नांचं लिहितो, जरा लांबेल.

"जेलमधल्यांसाठी" हा समज कोर्टात रोज येणाऱ्या पक्षकारांचा पण असतो, तुमचाच नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याचं १२ वं कलम बघा. त्यात कोठडीतला माणूस आहेच, पण त्याच यादीत कुठलीही स्त्री, कुठलंही मूल, एससी-एसटी, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले लोक, शिवाय ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे ते सगळे. आपल्या राज्यात ती मर्यादा ३ लाख. स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे तुमच्या मामी स्वतः अर्जदार होऊ शकतात, मामा कामगार म्हणून होऊ शकतात. आणि दिवाणी कामालाही वकील मिळतो. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, कागदपत्रांच्या नकला, सगळा खर्च प्राधिकरण करतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. पेशंटच्या नातेवाइकांना वाटतं वकील म्हणजे केस, केस म्हणजे डॉक्टरच्या विरुद्ध. माझ्याकडे हॉस्पिटलमधून येणाऱ्या दहातल्या बहुतेक कामांत डॉक्टरचा संबंधच नसतो हो. कुणाची पॉलिसी अडकलेली, कुणाला घरमालकाने खोली खाली करायला सांगितलेली, कुणाचा नवरा ॲडमिट आणि दीर जमीन विकायला निघालेला. पेशंट खाटेवर असतो आणि कागद बाहेर धावत असतात, घरातलं एक माणूस उशाशी अडकलेलं, ते कोर्टात येणार कधी. म्हणून खरं काम असतं पत्राचं. प्राधिकरणाचे सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात. त्यांच्या लेटरहेडवर हॉस्पिटलला, बँकेला, ठेकेदाराला प्रत्येकी एक पत्र गेलं की पुष्कळदा कोर्टाची पायरी चढायची वेळच येत नाही.

बँकेचं तर नियमातच आहे, त्याला वकीलही लागू नये खरं. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. तुमच्या मामांना समज पूर्ण आहे, फक्त हात गेलाय, त्यामुळे हा मार्ग त्यांना लागू. गावच्या शाखेला म्हणा पुण्यातल्या तुमच्याच शाखेचा अधिकारी हॉस्पिटलात पाठवा, डॉक्टरचं एक सर्टिफिकेट जोडा की पेशंट शुद्धीवर आहे, त्याला समजतंय. ह्याच भेटीत मामींचं नाव खात्याला लावून घ्या आणि नॉमिनी भरा, पुन्हा पुन्हा कुणी येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं. राग धरतील का, तर बघा, उपचार डॉक्टर करतात आणि डिपॉझिट ॲडमिन मागतं, ही दोन वेगळी माणसं आहेत. वॉर्डातल्या डॉक्टरला बऱ्याचदा माहीतही नसतं खाली काय चाललंय. अर्जात उपचाराबद्दल एक अक्षर तक्रार लिहू नका, तशी ती नाहीये पण, फक्त योजनेचा लाभ मागा. दोन गोष्टी एकात मिसळल्या की समोरचा बचावात जातो.

तिसरं. हॉस्पिटलचं काम पुण्यात, शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बँकेच्या कामाला मामी कऱ्हाडला असतील तर तिथल्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे दिलं तरी चालतं. १५१०० ला फोन लावला तरी रस्ता दाखवतात. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेतात, मामींना सांगा घाबरू नका म्हणून.

खरं_तेच_बोलतो

सगळं कागदावर छान आहे वकीलसाहेब. आमच्या आळीतल्या एका म्हातारीला असाच फुकट वकील दिला होता, वाटणीच्या दाव्यात. तारखेला यायचा नाही, आला की पुढची तारीख घेऊन जायचा, शेवटी तिने शेळ्या विकून दुसरा केला. फुकटचं ते तसलंच असतं. हॉस्पिटलचं पण तेच, तुम्ही पत्र दिलं की तोंडावर हो हो म्हणतात आणि मग नर्स सलाईन संपलं तरी येत नाही. पम्या भाऊ, नगरसेवकाला नाहीतर आमदाराच्या पीएला पकड, एक फोन गेला की काम होतं, आपल्याकडे हेच चालतं.

ॲड_बार्शीवाले

@खरं_तेच_बोलतो तुमच्या आळीतलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पॅनलवर मिळणारी फी तुटपुंजी असते आणि ती उशिरा मिळते, त्यामुळे काही जण नावापुरतं काम करतात हे मी रोज बघतो. पण त्या आजीला कुणी सांगितलं नाही की वकील बदलून मागता येतो, सचिवांकडे अर्ज द्यायचा, कारण एका ओळीत लिहायचं. बदलून देतात.

पीएच्या फोनचं म्हणाल तर तो फोन आजच्या डिपॉझिटपुरता. उद्या बिल वाढलं की परत फोन, परवा डिस्चार्ज अडला की परत फोन. अर्जाची पोच फाईलला लागलेली असली की पुढच्या शिफ्टला बसलेल्या माणसालाही ती दिसते. करायचं तर दोन्ही करा, माझी ना नाही.

डिस्चार्ज अडवण्यावरनं आठवलं. बिल थकलं म्हणून माणसाला अडकवून ठेवता येत नाही. रुग्ण हक्कांची सनद २०२१ पासून राज्याच्या नर्सिंग होम नियमांतच आहे, पैसे राहिले म्हणून मृतदेह अडवायचा नाही हे पण तिथे लिहिलंय. हॉस्पिटलला पैसे वसूल करायचे तर त्यांनी रीतसर मार्गाने करावेत. आणि पेपर मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, केस पेपर, रिपोर्ट सगळं. पम्या, ते आजच लेखी मागून ठेवा, ईएसआय (कामगार विमा) असेल तर त्याला आणि पुढे अपंगत्वाच्या दाखल्याला तेच लागणारेत.

मधुरा_बोस्टनहून

पम्या, मामांना लवकर बरं वाटो. मी इकडे बोस्टनला हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, तुझ्या कामाला डायरेक्ट उपयोग नाही पण वकील दवाखान्यात कशाला ह्याचं उत्तर आमच्या गावात फार आधी सापडलंय म्हणून.

इथे एक बालरोगतज्ज्ञ आहेत, बॅरी झुकरमन. त्यांच्याकडे दम्याची पोरं यायची, औषध दिलं की बरी व्हायची आणि घरी गेली की परत धापा टाकत हजर. कारण घराच्या भिंतींना ओल आणि बुरशी. आईने घरमालकाला किती सांगितलं तरी तो ढिम्म. ह्यांनी म्हटलं इनहेलरचा डोस वाढवून बुरशी थोडीच जाणारे, आणि १९९३ साली हॉस्पिटलात चक्क वकील आणून बसवला. घरमालकाला वकिलाचं पत्र गेलं की भिंती दुरुस्त. तिथून ही पद्धत देशभर पसरली, आता शेकडो हॉस्पिटलं आणि क्लिनिकांमध्ये आहे. डॉक्टर पेशंटला विचारतानाच दोन प्रश्न जास्तीचे विचारतात, घरात गॅस-वीज तोडायची नोटीस आलीय का, नोकरीवरनं काढलंय का, आणि हो म्हटलं की जशी एक्स-रेची चिठ्ठी देतात तशी वकिलाकडे चिठ्ठी. एकदम सहज. पेशंटलाही कमीपणा वाटत नाही.

पण एक गंमत सांगते. ह्या देशात फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्क आहे, १९६३ पासून. दिवाणीत तसा सरसकट हक्क नाहीच, संस्थांकडे पैसे असतील तेवढ्यांनाच मिळतो, बाकीचे वेटिंगवर नाहीतर परत. तुमच्याकडे कायद्यात दिवाणी पण आहे आणि बायकांना तर उत्पन्न न विचारता आहे, हे वाचून मीच चकित झाले. म्हणजे तुमच्याकडे कायदा आहे आणि वॉर्डात माणूस नाही, आमच्याकडे वॉर्डात माणूस बसवलाय आणि कायदा नाही, असं काहीतरी झालंय.

सिस्टर_वांद्रे

@मधुरा_बोस्टनहून ताई, वॉर्डात माणूस नाही असं सरसकट नका म्हणू. आमच्या वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात 'दिलासा' केंद्र २००० सालापासून आहे, महापालिका आणि सेहत नावाच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने मिळून चालू केलेलं, नंतर मुंबईत अजून हॉस्पिटलांत पण निघाली. ते मारहाण झालेल्या बायकांसाठी आहे. बाई येते ती सांगते जिन्यावरनं पडले, पण डाग कुठले ते कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला कळतं ना, मग ती हळूच म्हणते जरा वरच्या खोलीत ताईंना भेटून जा. तिथे समुपदेशन होतं, कायद्याचा सल्ला मिळतो, वकिलापर्यंत पोचवतात. बाई पोलीस स्टेशनला जाणार नाही, कोर्टात तर त्याहून नाही, पण दवाखान्यात येण्यावर सासू पण काही बोलू शकत नाही, म्हणून जागा तीच बरोबर.

आणि मनोरुग्णांसाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सरळ लिहिलंय की त्यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि तो हक्क आहे हे पेशंटला सांगायची जबाबदारी तिथल्या मेडिकल ऑफिसरची. किती जण सांगतात ते सोडा. पण दम्याला, पॅरालिसिसला, कॅन्सरला असं काही नाही हे मात्र खरं.

नाशिकची_सूनबाई

मध्येच विचारते, माफ करा, पण बँकेचं वाचून थांबले. माझ्या सासऱ्यांचं पण असंच आहे पण ते शुद्धीवरच नाहीयेत, व्हेंटिलेटरवर. त्यांचा अंगठा घेतला तर चालेल का? एफडी मोडायचीय, दुसरा मार्ग नाही आमच्याकडे.

ॲड_बार्शीवाले

ताई, अजिबात घेऊ नका. बेशुद्ध माणसाचा अंगठा घेतला तर तो पैसा घरच्याच उपचाराला वापरला तरी उद्या एखाद्या भावकीतल्याने तक्रार केली की तुम्ही अडकाल. मुखत्यारपत्रही चालणार नाही, देणाऱ्याला समज हवी. कोमातल्या माणसाचा पालक नेमायचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, त्यासाठी हायकोर्टात रिट याचिका करावी लागते, कोर्ट मेडिकल बोर्डाचा वगैरे रिपोर्ट मागवतं आणि बायको किंवा मुलाला पालक नेमतं. मुंबई हायकोर्टाने असे आदेश दिलेले आहेत. ऐकायला मोठं वाटतं पण हायकोर्टाचीही स्वतःची विधी सेवा समिती असते, सासूबाईंच्या नावाने अर्ज करा, वकील तिथून मिळेल. एफडी जॉइंट असेल आणि त्यावर "दोघांपैकी कुणीही" असं लिहिलं असेल तर मात्र आधी पावती नीट बघा, मुदत संपलेली असेल तर एकाच्या सहीने मिळते, मुदतीआधी मोडायला मात्र बँक दोघांच्या सह्या मागू शकते.

पॉलिसीवाला_अण्णा

सगळ्यांचं वाचतोय. इन्शुरन्सचं कुणी काढलं नाही म्हणून चार ओळी, पम्याच्या मामांना नसेल पण वाचणाऱ्यांत कुणाला तरी असेलच. क्लेम नाकारला की लगेच ग्राहक कोर्टात पळू नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहायचं, ३० दिवस वाट बघायची, उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, मुंबई-पुण्याला ऑफिस आहे. एक पैसा लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात आणि तिथे वकील आणायलाच बंदी, आपलं आपण मांडायचं. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जा. आणि जुनी बीपी-शुगर लपवली म्हणून नाकारलंय असं म्हणत असतील तर पॉलिसी सलग किती वर्षं चालू आहे ते बघा, ६० महिने झाले असतील तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय त्यांना ते कारण देता येत नाही. हे एजंट सांगत नाहीत. मीच एजंट आहे म्हणून सांगतोय.

कृष्णाकाठचा_पम्या

सगळ्यांचे आभार, मावशी तुमचे विशेष. समाजसेवा विभाग सापडला, फिजिओथेरपीच्या मागे होता. अर्ज घेतला, पोच पण दिली, पहिल्यांदा म्हणाले पोच कशाला आम्ही आहोत ना, मी नुसता उभा राहिलो, मग दिली. रेशन कार्ड केशरी आहे. अजून हो म्हणाले नाहीत पण काउंटरवरनं आज डिपॉझिटचा फोन आला नाही.

बँकेचं झालं!! गावच्या साहेबांना वकीलसाहेबांनी लिहिलेलं जसंच्या तसं फोनवर वाचून दाखवलं तर म्हणे बघतो, आणि आज इथल्या शाखेतून एक अधिकारी आले, भला माणूस होता, मामांना दोन-तीनदा विचारलं, मामांनी मान हलवली, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मामीचं नाव लावायचा फॉर्म पण भरून घेतला. मामा नंतर बराच वेळ रडत होते, बोलता येत नाही ना.

आता ठेकेदाराचं राहिलं. मामांच्या पिशवीत एक जुनी पगाराची स्लिप सापडली, त्यात ईएसआयसी म्हणून कापलेले दिसतायत दर महिन्याला. पण कार्ड वगैरे कधी दिलेलं नाही. ठेकेदाराने भरलेच नसतील तर? आणि भरले असतील तर काय मिळतं?

ॲड_बार्शीवाले

वा, बँकेचं काम झालं ते बरं झालं. स्लिप सापडली हे तर त्याहून बरं, तिचा आत्ताच फोटो काढून तीन जणांना पाठवून ठेवा.

कापलेत ना? मग ठेकेदाराने पुढे भरले नाहीत हा त्याचा आणि महामंडळाचा प्रश्न. कामगाराचा हक्क त्याने जात नाही, आणि ठेकेदार पळाला तरी ज्या कंपनीत ते मशीनवर उभे होते तो मूळ मालक जबाबदार असतो. आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधार नंबरवरून नोंदणी आहे का ते काढा. असेल तर आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. शिवाय लांबणाऱ्या आजारांची त्यांची एक यादी आहे, त्यात अर्धांगवायू आहे, तिथे ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणून जुन्या जितक्या स्लिपा सापडतील तितक्या शोधा. घरी पत्र्याच्या पेटीत वगैरे असतील, मामींना विचारा. पुढच्या उपचारालाही ईएसआयचं हॉस्पिटल धरता येईल, बिबवेवाडीला आहे. कामावर असताना पडले म्हणताय, तर ते नोकरीतल्या दुखापतीत बसतं का हेही बघायला लागेल, स्ट्रोकमध्ये ते सिद्ध करणं अवघड असतं, आत्ताच आशा लावून घेऊ नका, पण त्या दिवशीचे शिफ्टमधले दोघं-तिघं कोण होते त्यांची नावं लिहून ठेवा.

ठेकेदाराला मात्र आता तुम्ही फोन करू नका. प्राधिकरणाकडून पत्र जाऊ द्या, एक त्याला आणि एक कंपनीच्या एचआरला. कंपनीला गेलं की ठेकेदार स्वतः फोन करेल बघा.

खरं_तेच_बोलतो

करेल ना, मिटवून टाका म्हणून करेल. पम्या, कोऱ्या कागदावर मामीची सही घेऊ देऊ नकोस. माझा अनुभव आहे म्हणून सांगतोय, बाकी वकीलसाहेबांचं चालू द्या, बँकेचं झालं ते मी पण मानलं.

शोभामावशी_एमएसडब्ल्यू

बरोबर बोललास रे, कुठलाच कोरा कागद नको. पम्या, चॅरिटीवाल्यांनी आणखी दोन दिवसांत उत्तर दिलं नाही तर पोचेची झेरॉक्स जोडून सह धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज दे, हॉस्पिटलच्या नावाने एक प्रत समाजसेवा विभागाला पण. आणि बिल आत्तापासून रोज खालून प्रिंट काढून आण. निर्धनात बसलात तर बेड, नर्सिंग, साध्या तपासण्या, डॉक्टरांची फी ह्यातलं काही लागायला नको, दुर्बलमध्ये बसलात तर औषधं त्यांच्या खरेदीच्या भावाने आणि त्यातलं निम्मं तुमच्याकडे. शेवटच्या दिवशी गठ्ठा हातात आला की काय कापलं काय नाही कळत नाही.

कृष्णाकाठचा_पम्या

रोजचं बिल मागितलं तर काढून देतात का? आणि शिवाजीनगरला सोमवारी कधी येऊ, मामीला आणावंच लागेल का, ती मामांना सोडून हलत नाहीये.

ॲड_बार्शीवाले

अंतरिम बिल देतात, मागावं लागतं. मामींना आणू नका, अर्जावर त्यांची सही किंवा अंगठा घेऊन तुम्ही या, पुढचं त्यांना विचारायला आमचा विधी स्वयंसेवक हॉस्पिटलात येऊन जाईल. सोमवारी अकराच्या आधी नको, सचिव सकाळी कामात असतात. आधार, रेशन कार्ड, ती स्लिप आणि हॉस्पिटलची पोच, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स बाहेरूनच काढून आणा, कोर्टातल्या झेरॉक्सला सोमवारी रांग असते.